पॅरोल, फर्लो आणि तुरुंगाबाहेरचे पहिले दिवस

एखादा नावाजलेला कैदी पॅरोलवर बाहेर आला की दोन दिवस टीव्हीवर गदारोळ होतो. हरियाणात गुरमीत राम रहीमच्या रजांवरून तो वारंवार झाला. २०१३-१४ साली येरवड्यात असलेल्या संजय दत्तच्या लांबत गेलेल्या रजांवरून आपल्याकडेही झाला होता. 'म्हणजे सोडलंच की त्याला!' असं लोक म्हणतात. रागही समजण्यासारखा आहे. पण या गदारोळात पॅरोल म्हणजे नेमकं काय, हे कोणी सांगत नाही. आणि त्याच आठवड्यात शिक्षा पुरी भोगून, हातात एक पिशवी घेऊन, गुपचूप बाहेर पडलेल्या माणसांकडे कोणाचं लक्षही जात नाही. तुमच्या-माझ्या सुरक्षिततेचा खरा संबंध आहे तो या दुसऱ्या माणसांशी, म्हणून हा लेख.

आधी शब्दांचा गुंता सोडवू

पॅरोलला आपल्या सरकारी मराठीत 'अभिवचन रजा' म्हणतात आणि फर्लोला 'संचित रजा'. दोन्ही नावं जड असली तरी अर्थ बरोबर सांगतात. दोन्ही शेवटी रजाच आहेत, मुदत संपली की परत आत जायचं. महाराष्ट्रात त्यांचे नियम १९५९ सालचे, पुढे अनेकदा बदललेले.

पॅरोलला कारण लागतं. घरात मृत्यू झाला, कोणी गंभीर आजारी आहे, मुलीचं लग्न आहे. फर्लोला असं कारण लागत नाही. ठरावीक काळ आत काढला, वागणूक चांगली ठेवली, म्हणून ती रजा साठत जाते. घराशी नातं तुटू नये आणि वर्षानुवर्षांच्या कोंडीतून माणसाला थोडा श्वास मिळावा, हा तिचा हेतू. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली राजस्थानातल्या एका प्रकरणात हा फरक नीट उलगडून सांगितला आहे. फर्लोचे दिवस शिक्षेत धरले जातात, पॅरोलचे सहसा धरले जात नाहीत. गोव्यातल्या कैद्यांच्या प्रकरणात २०२३ साली न्यायालयाने हेच सांगितलं की जन्मठेपेच्या कैद्याच्या मुदतपूर्व सुटकेसाठी चौदा वर्षं मोजताना पॅरोलवर बाहेर काढलेले दिवस वगळायचे. म्हणजे पॅरोलवर गेलेला कैदी शिक्षेतून सूट घेत नाही, शिक्षा पुढे ढकलतो.

तिसरा शब्द 'माफी'. शिक्षेचा उरलेला भाग सरकार कमी करतं, ती माफी. २००२ च्या गुजरात दंगलीतल्या सामूहिक बलात्कार आणि हत्यांच्या बिल्किस बानो प्रकरणातल्या अकरा दोषींना गुजरात सरकारने ऑगस्ट २०२२ मध्ये सोडलं, ते पॅरोलवर नव्हे, माफी देऊन. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला मुंबईत चालला होता, त्यामुळे माफीचा अधिकार गुजरातचा नव्हे, महाराष्ट्र सरकारचा, असं न्यायालयाने म्हटलं.

चौथा शब्द 'परिविक्षा', म्हणजे प्रोबेशन. १९५८ च्या कायद्यानुसार न्यायालय काही गुन्ह्यांत दोषी माणसाला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आणि गरज वाटल्यास परिविक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडू शकतं. या कायद्याने सोडलेल्या माणसाला दोषी ठरल्यामुळे एरवी लागू होणारी अपात्रता चिकटत नाही. इतकी चांगली तरतूद हातात असून आपण ती फार कमी वापरतो, याची मला खंत वाटते.

सिनेमातला पॅरोल वेगळा

अमेरिकन सिनेमांमुळे आपला आणखी एक घोळ होतो. तिथे पॅरोल म्हणजे रजा नसते. शिक्षेचा शेवटचा तुकडा बाहेर राहून, पॅरोल ऑफिसरच्या देखरेखीखाली भोगायचा असतो. कुठे राहायचं, कोणाला भेटायचं नाही, दारू प्यायची नाही, ठरल्या दिवशी हजेरी लावायची, अशा अटी असतात. एक मोडली तरी परत आत.

शब्द फ्रेंच आहे, अर्थ 'दिलेला शब्द'. पूर्वी युद्धकैद्याकडून 'पुन्हा शस्त्र धरणार नाही' असं वचन घेऊन त्याला सोडत. १८४० साली ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर अलेक्झांडर मॅकोनोकी नावाच्या अधिकाऱ्याने कैद्यांना कामाचे आणि वागण्याचे गुण द्यायला सुरुवात केली. गुण साठले की बंधनं सैल होत जायची. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने त्यात सुटकेनंतरच्या देखरेखीची जोड दिली, आणि १८७६ मध्ये सुरू झालेल्या न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा सुधारगृहातून ही पद्धत अमेरिकेत रुजली. मराठीतला 'अभिवचन' हा शब्द ज्याने कोणी निवडला, त्याला मूळ कल्पना नीट कळली होती.

आपण शब्द घेतला, रजाही घेतली. सुटकेनंतर माणसाच्या मागे कोणीतरी उभं राहायचं, हा भाग मात्र घ्यायचा राहून गेला.

'पण कडक नजर ठेवली तर गुन्हे कमी होतीलच ना?'

हा प्रश्न साहजिक आहे. अमेरिकेने यावर दशकानुदशकं पैसा आणि माणसं खर्च केली आहेत, त्यामुळे उत्तरही तिथूनच मिळतं.

रँड या संशोधन संस्थेने चौदा ठिकाणी एक प्रयोग अभ्यासला, त्याचे निष्कर्ष १९९३ साली आले. काही जणांवर नेहमीची देखरेख, काही जणांवर कडक. जास्त भेटी, जास्त तपासण्या. कडक देखरेखीखालच्या लोकांचे नवे गुन्हे कमी झाले नाहीत. वाढलं ते फक्त अटी मोडताना सापडण्याचं आणि त्यापायी परत तुरुंगात जाण्याचं प्रमाण. जिथे देखरेखीला व्यसनमुक्ती आणि उपचारांची जोड होती, तिथे मात्र चित्र बरं दिसलं.

इंग्लंड-वेल्समध्ये हेच वेगळ्या वाटेने घडलं. तिथे फेब्रुवारी २०१५ पासून काही आठवड्यांची शिक्षा भोगून सुटलेल्यांनाही वर्षभराची देखरेख लागू झाली. हेतू मदतीचा होता. पण ज्याला झोपायला जागा नाही, तो सकाळी दहाची भेट चुकवणारच. भेट चुकली म्हणून तो परत आत गेला, बाहेर आला, पुन्हा चुकला. परत बोलावल्या जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली.

हे आपल्या अनुभवाशी ताडून पाहा. दहावीच्या मुलाच्या खोलीत आई दर दहा मिनिटांनी डोकावते. मुलगा पुस्तक उघडं ठेवायला शिकतो, पण गणित न सुटण्याचं कारण आईला कळत नाही. शेजारी बसून 'कुठे अडलंय?' असं विचारलं तर कळतं. देखरेखीचंही तसंच आहे. नजर लागते, पण नुसत्या नजरेला जे दिसतं ते फक्त चूक.

हवाईत २००४ साली स्टीव्हन आल्म या न्यायाधीशांनी आणखी एक वाट काढली. शिक्षा छोटी, पण लगेच आणि हमखास. अट मोडली की दोन-चार दिवस आत, मग पुन्हा संधी. सुरुवातीचे निकाल फार चांगले आले आणि देशभर गवगवा झाला. नंतर दुसऱ्या चार ठिकाणी तेच करून पाहिलं, तर नेहमीच्या पद्धतीपेक्षा फरक पडला नाही. एका ठिकाणचं यश पिशवीत घालून दुसरीकडे नेता येत नाही, हेही यातून शिकण्यासारखं आहे.

अभ्यासांतून वारंवार पुढे येणारी एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवावी. ज्याच्या हातून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका मोठा, त्याच्यावर वेळ आणि माणूसबळ लावावं. धोका लहान असेल त्याच्या मागे रोज लागलं तर उलटा परिणाम होतो. त्याची नोकरी सुटते, तो नको त्या संगतीत जातो. तापाच्या रोग्याला आणि पडसं झालेल्याला एकच औषध देत नाहीत.

फाटकाबाहेरचा माणूस

समजा, मराठवाड्यातल्या एका गावचा माणूस सात वर्षांनी सकाळी बाहेर पडतो. आत जाताना जमा केलेलं सामान त्याला परत मिळतं. कंबरेला सैल होणारी पँट, घड्याळ, पाकीट, बटणांचा मोबाईल. मोबाईल चालू होत नाही, आणि झाला तरी आतलं सिम केव्हाच बंद पडलेलं. तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. आधार त्याच नंबरला जोडलेलं, बँकेचं खातंही. कामाची मजुरी खात्यात जमा असेल, तरी ओटीपी येणार त्या परक्या माणसाच्या फोनवर.

नंबर बदलायला आधार केंद्रावर जावं लागतं. तिथे अंगठा लावायला सांगतात, ते जमतं. रेशन कार्डातलं नाव उडालंय का, ते तहसीलला जाऊन बघायचं. भाड्याने खोली घ्यायची तर घरमालक आधीचा पत्ता विचारतो. कामावर ठेवणारा मुकादम विचारतो, 'सात वर्षं कुठं होतास?' इथे माणूस एक तर खोटं बोलतो, नाहीतर काम गमावतो. संध्याकाळपर्यंत दोनच जण त्याला नाव घेऊन हाक मारतात. एक घरचं माणूस, असलंच तर. दुसरा जुना साथीदार, ज्याच्याकडे राहायला जागाही असते, रोख पैसेही आणि फोनही.

धोका या पहिल्या दिवसांतच दडलेला असतो. अमेरिकेतल्या तीस राज्यांतून २००५ साली सुटलेल्या कैद्यांचा नऊ वर्षं माग काढला, तेव्हा शंभरातल्या चव्वेचाळीस जणांना पहिल्याच वर्षात पुन्हा अटक झालेली दिसली. वॉशिंग्टन राज्यातून सुटलेल्या सुमारे तीस हजार लोकांच्या अभ्यासात, २००७ साली, याहून भयंकर गोष्ट पुढे आली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका इतरांच्या जवळजवळ तेरा पट होता, मुख्यतः नशेच्या अतिरेकाने. तिथली नशा आणि आपली परिस्थिती वेगळी आहे. पण पहिले दोन आठवडे, पहिले दोन महिने नाजूक असतात, हे कोणत्याही देशाला लागू पडावं.

आपल्याकडे सुटलेल्या माणसाचा असा दोन-तीन वर्षं माग ठेवून मोजणी होत नाही. मोजत नाही ते सुधारता येत नाही, इतकी ही साधी उणीव आहे.

रोप लावताना काय करतो?

ज्यांनी मिरचीची किंवा टोमॅटोची रोपं लावली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. रोपवाटिकेतलं रोप थेट उन्हात नेऊन लावत नाहीत. आधी काही दिवस पाणी तोडतात, सावलीची जाळी थोडी थोडी बाजूला करतात, रोप कणखर होऊ देतात. लावल्यावर तीन-चार दिवसांनी आंबवणीचं हलकं पाणी देतात. ते चुकलं तर चांगलं रोपही माना टाकतं.

फर्लो म्हणजे सावलीची जाळी बाजूला करणं. आणि खुला तुरुंग ही त्याची पुढची पायरी. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ साली ही वसाहत वसवली. उंच भिंतींशिवाय, कैद्यांना शेती करू देणारी, कुटुंबाला सोबत राहू देणारी. म्हणजे हा विचार आपल्याच माणदेशात, आपल्याच एका छोट्या संस्थानात पाऊणशेहून जास्त वर्षांपूर्वी करून पाहिलेला आहे. जयपूरजवळ सांगानेरला १९६३ पासून असंच खुलं शिबिर चालतं. तिथले कैदी दिवसा बाहेर कामाला जातात, स्वतः कमावतात, कुटुंबासह राहतात आणि संध्याकाळी हजेरीला परततात. महाराष्ट्रात येरवडा, पैठण इथेही खुले तुरुंग आहेत. २०२२ अखेर देशातल्या तुरुंगांत शंभर जागांमागे १३१ माणसं कोंबलेली असताना खुल्या तुरुंगांकडे आपण इतकं कमी पाहतो, हे मला पटत नाही.

आंबवणीचं पाणी म्हणजे सुटकेनंतरची साथ. तिला सरकारी शब्द 'अनुरक्षण'. आपल्याकडे ती कुठे अडते ते पाहा. तुरुंग गृह खात्याकडे, परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याकडे. माणूस ज्या दिवशी फाटकातून बाहेर पडतो, त्या दिवशी एका खात्याचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू झालेलं नसतं. सुटकेच्या महिनाभर आधी जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याने येऊन कैद्याला भेटावं, आधार-बँक-रेशनची कामं आतच उरकावीत, राहण्याचा पत्ता पक्का करावा, पहिल्या आठवड्यातली एक भेट ठरवावी. एवढं नियमाने झालं तरी मोठा फरक पडेल असं माझं ठाम मत आहे. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगाच्या आत आणि बाहेर अशी कामं करतो आहे. म्हणजे कसं करायचं हे माहीत असलेली माणसं आपल्याकडे आहेत.

यात कच्च्या कैद्याला विसरू नये. देशातल्या चार कैद्यांपैकी तीन कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांना ना फर्लो, ना अनुरक्षण. निर्दोष सुटले तरी सिम बंद पडलेलंच असतं.

'रजेवर गेलेला पळून गेला तर?'

काही जण परत येत नाहीत, हे खरं आहे. कोरोनाच्या काळात मे २०२० मध्ये महाराष्ट्राने नियम बदलून हजारोंना आपत्कालीन पॅरोल दिला. परत बोलावल्यावर काही शे जण मुदतीत हजर झाले नाहीत, त्यांच्यावर गुन्हे दाखल झाले. परत आलेल्यांची बातमी झाली नाही, आणि ते बहुसंख्य होते.

रजा हा कैद्याचा हक्क नाही, हे १९५९ च्या नियमांतच लिहिलेलं आहे. अर्ज आला की कैद्याच्या गावच्या पोलिसांचा अहवाल मागवतात, जामीनदार लागतो. पण हा अहवाल कित्येकदा एका साच्यातला असतो. 'गावात शांतताभंग होण्याची शक्यता.' कोणामुळे, कशी, ते लिहिलेलं नसतं. मग कैदी उच्च न्यायालयात अर्ज करतो, आणि ज्या बहिणीच्या लग्नासाठी रजा मागितली ते लग्न तोवर होऊन जातं. खरा धोका असलेल्याला रोखायचं तर अहवाल त्या माणसाबद्दल असायला हवा.

आणि शिक्षा संपली की तो एक दिवस बाहेर येणारच आहे. एकदाही बाहेर न गेलेला माणूस अचानक बाहेर यावा, की दोन-चार वेळा जाऊन, वेळेत परतून, सवय झालेला माणूस यावा?

'मग ज्यांनी भोगलं त्यांचं काय?'

या प्रश्नाचं वजन कमी करता येणार नाही. ज्या घरातला माणूस गेला, त्यांना आरोपी एक दिवस बाजारात समोर दिसला तर काय होत असेल, हे बाहेरून सांगणं अवघड आहे. रजा किंवा माफी देण्याआधी त्या कुटुंबाला कळवलं पाहिजे, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं पाहिजे, आणि गरज असेल तिथे 'या गावात पाऊल ठेवायचं नाही' अशी अट घातली पाहिजे. बिल्किस बानो यांना त्या सुटकेची आधी कल्पनाही दिली नव्हती. नामवंतांच्या रजा झटपट मंजूर होताना दिसतात तेव्हाही लोकांचा राग कायद्यापेक्षा या दुजाभावावर असतो, आणि तो रास्त आहे. पण त्यावर उपाय म्हणून गरीब कैद्याची रजा आणखी अवघड करणं, हे पाटलाचा राग गड्यावर काढण्यासारखं आहे.

पीडितांसाठी सगळ्यात महत्त्वाचं असतं ते असं पुन्हा कोणाच्या घरात घडू नये हे. सुटकेनंतरच्या साथीचा हेतूही तोच आहे.

पायात यंत्र बांधलं की झालं?

केंद्राने २०२३ साली राज्यांना पाठवलेल्या आदर्श कारागृह कायद्यात एक तरतूद आहे. इलेक्ट्रॉनिक यंत्र अंगावर बाळगायला तयार असेल त्या कैद्याला रजा देता येईल. तुरुंग हा राज्यांचा विषय, त्यामुळे हा कायदा आपोआप लागू होत नाही. यंत्र कधी उपयोगी पडेलही, विशेषतः पीडिताच्या गावापासून लांब ठेवायचं असेल तर. पण ते 'तो कुठे आहे' एवढंच सांगतं. त्याने सकाळपासून काही खाल्लंय का, तो दारूकडे वळतोय का, हे त्यातून कळत नाही. शिवाय जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनावरच्या आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना नजर ठेवता येईल अशी अट घालणं खासगीपणाच्या हक्काविरुद्ध ठरवलं आहे. दोषी कैद्याचं प्रकरण वेगळं, तरी ही रेघ लक्षात घ्यावी लागेल.

'आमच्या कराच्या पैशातून लाड कशाला?'

परत आत आलेल्या माणसाचं जेवण, पहारा, खटला, पोलिसांचा वेळ, सगळं कराच्याच पैशातून होतं. आणि नव्या गुन्ह्यात ज्याचं नुकसान झालं त्याची किंमत कुठल्याच हिशोबात येत नाही. रँडने २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांनी पुन्हा गुन्हा करून परतण्याची शक्यता न घेतलेल्यांपेक्षा ४३ टक्क्यांनी कमी दिसली, आणि त्या शिक्षणावरचा खर्च वाचलेल्या खर्चापेक्षा बराच कमी होता.

आपल्याकडे एक छोटं पाऊल पडलं आहे. १ मे २०२२ पासून महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने येरवड्यात 'जिव्हाळा' नावाची कर्ज योजना सुरू केली. पन्नास हजारांपर्यंत कर्ज, सात टक्के व्याज, तारण नाही, जामीनदार नाही, परतफेड कैद्याच्या मजुरीतून. मुलीची फी, आईचं औषध, वकील, यासाठी आत बसलेला माणूस पैसे उभे करू शकतो. घरची जबाबदारी आपण अजून उचलतोय, ही जाणीव माणसाला परत घराकडे ओढते. म्हणून मला ही योजना आवडते.

जामीनदार कोण राहणार?

पॅरोल ऑफिसर नसलेल्या देशात हे काम कोण करतं? आई करते, बायको करते, थोरला भाऊ करतो. फर्लोच्या कागदावर सही करून 'मुदतीत परत पाठवीन' असं तेच लिहून देतात. भल्या पहाटे एसटी पकडून तुरुंगातल्या 'मुलाखती'ला, म्हणजे भेटीला, तेच येतात, पिशवीत चिवडा आणि मुलाचा शाळेतला फोटो घेऊन. रजेच्या शेवटच्या दिवशी तुरुंगाच्या फाटकापर्यंत सोडायलाही तेच जातात.

आणि बायका आत असल्या की बहुतेक वेळा मुलाखतीला कोणीच येत नाही. नवरा दुसरं लग्न करतो, माहेर दार लावून घेतं. जामीनदार नाही म्हणून रजा नाही, रजा नाही म्हणून बाहेरची ओळख नाही. सुटकेच्या दिवशी अशा बाईला वॉर्डर विचारते, 'घ्यायला कोण आलंय?' कोणीच आलेलं नसलं, तर तिने त्या फाटकातून कुठे जायचं याचं उत्तर आज कुठल्याही खात्याच्या कागदावर नाही.